साडेपाचाचे पाच

माझा धंदा जुन्या सामानाचा. कपाटं, खुर्च्या, आरसे, मेलेल्या माणसांचे पलंग. या धंद्यात नियम एकच, तोंडातून पहिला आकडा निघेल तो चढाच निघाला पाहिजे. सहाला द्यायची वस्तू असली की नऊ सांगायचे. गिऱ्हाईक तीनपासून सुरू करतं, मग दोघंही कुरकुरत सहावर येतो आणि आपणच जिंकलो अशा समजुतीत घरी जातो. त्यामुळे ऑपरेशन झाल्यावर त्या सिस्टरनं मला पहिल्यांदा विचारलं, "काका, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?" तेव्हा मी बेधडक "नऊ" म्हणालो. माझ्या मते सौदा तिथून सुरू व्हायचा होता. तिनं हातातल्या पाटीएवढ्या स्क्रीनवर नऊ टिपले आणि इंजेक्शन आणलं. इतकं भोळं गिऱ्हाईक मला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं.

दुखणं होतंच म्हणा. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं की मूत्राशयात नळी घालून ठेवतात, आणि ती निसटू नये म्हणून आतल्या टोकाला पाण्यानं भरलेला फुगा असतो. आता मूत्राशयाला काय ठाऊक, तो फुगा डॉक्टरांनी ठेवलाय! त्याला वाटतं आत काहीतरी नको ते अडकलंय, ढकला बाहेर. मग ते स्वतःलाच पिळायला लागतं. बेंबीखालून कळ निघते ती थेट टोकाला जाऊन भिडते, लघवी तुंबल्यासारखी वाटते, नळीच्या कडेनं गुलाबी पाणी चादरीवर येतं, आणि डॉक्टर वरून सांगतात, "जोर करू नका." जोर आम्ही करतच नसतो. थोड्या वेळानं कळ ओसरते, माणूस घामाघूम होऊन पडतो आणि पुढच्या कळेची वाट बघतो. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. मला जावईसुद्धा नाही. एक मुलगा आहे, तो भेटीच्या वेळेत यायचा आणि माझ्या उशाशी मोबाइल चार्जिंगला लावून बसायचा.

या कळांवर नवा इलाज निघाला होता आणि तो आमच्यावर करून बघायचा होता. घोट्याच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवायची, तिची वायर एका डबीला, डबीत बारीकसा करंट. घोट्यातली नस म्हणे मूत्राशयाच्या नसेची नातेवाईक, खालचीला गोंजारलं की वरची गप्प बसते. पण निम्म्या डब्या खऱ्या आणि निम्म्या नुसता हिरवा दिवा लुकलुकवणाऱ्या. कुणाला कुठली मिळालीय ते आम्हाला ठाऊक नाही, सिस्टरला नाही, मोठ्या डॉक्टरांनाही नाही. म्हणजे फसवणूकच, पण आधी सांगून केलेली. माझ्या धंद्यापेक्षा प्रामाणिक म्हणायची. मी चटकन सही केली. जन्मभर दुसऱ्यांचं वापरलेलं विकलं, एकदा तरी अंगाला नवंकोरं काहीतरी लागू दे म्हटलं.

नियम सोपा होता. कळ आली की बेल दाबायची. सिस्टर येऊन आकडा विचारणार. आम्ही तिला आकडेवालीच म्हणायचो. आकडा सहा किंवा वर असला की इंजेक्शन, पाच असला की नाही. आणि आकडा पेशंटनंच सांगायचा, नातेवाइकांचं मत चालणार नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर मास्तर होते. एका तांत्रिक विद्यालयात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. सडपातळ, पांढरे केस मधोमध भांग पाडून बसवलेले, आणि झोपलेसुद्धा असे की पट्टी लावून आखलेत. त्यांना पहिली कळ आली तेव्हा मी माझं दुखणं विसरलो. त्यांनी टॉवेलाची घडी दातांत धरली, दोन्ही हातांनी खाटेचा दांडा पकडला, आणि अख्खी खाट खुळखुळली. मानेच्या शिरा टरारून वर आल्या. आकडेवाली आली, कळ ओसरेपर्यंत थांबली आणि तिनं विचारलं.

मास्तरांनी टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "चार."

"चार, सर?"

"चार."

ती गेली. मी म्हणालो, "मास्तर, तुमचे चार असतील तर माझे उणे दोन म्हणायचे! अहो, सहा म्हणा की. त्यांच्या बापाचं काय जातंय?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा शाळेत गेलो. "दहा म्हणजे ज्यात चूकच काढता येत नाही असं. ते मी अजून पाहिलेलं नाही. नऊ मी नोकरीत दोनदा दिले आणि दोन्ही वेळा पस्तावलो. आठ असामान्य, सात उत्तम, सहा चांगलं. हे दुखणं सामान्य आहे. या खोलीत सगळ्यांना होतंय. सामान्याला चार."

शहाण्याला शब्दाचा मार, पण या शहाण्याला तर कळेचा मारही लागू पडत नव्हता.

त्यात मोठे डॉक्टर आले आणि दुष्काळात तेरावा महिना. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन ते मास्तरांच्या पायथ्याशी थांबले. "बघा, कालचं ऑपरेशन आणि आकडा चार! डबी खरी आहे की खोटी ते मलाही माहीत नाही, पण असे आकडे यायला लागले तर आपला इलाज जिंकला." मास्तरांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "आणि पेशंट असावा तर असा." मग माझ्याकडे वळून नुसतं म्हणाले, "तुमचे नऊच का अजून?" मास्तरांचा चेहरा मी पाहिला. बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता. तेव्हाच मी ओळखलं, आता हा माणूस मरेल पण पाचाच्या वर जायचा नाही.

त्यांच्याजवळ त्यांची मुलगी असायची. चाळिशीच्या आसपासची, केस घट्ट बांधलेली, बोटांच्या टोकांना कायमची काळी पूड बसलेली. झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. बापाचं सगळं करायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, चादर बदलायची, ओठ ओले करायची, आणि बोलायची मोजकंच. तिनं आकडेवालीला दारात गाठलं.

"सिस्टर, बाबांचे चार म्हणजे इतरांचे दहा असतात. त्यांच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. तुम्ही त्यांना इंजेक्शन द्या."

"मला दिसत नाही का, ताई? पण मी दोन आकडे माझ्या मनानं वाढवले तर या चाचणीला काही अर्थच राहणार नाही. त्यांनी सहा म्हणू देत, मी पळत आणते."

"ते नाही म्हणणार."

"मग तुम्ही समजवा ना. तुमचेच वडील आहेत."

मुलगी हसली. ते हसू मला आवडलं नाही.

मास्तरांना जखम धुवायला पडद्याआड घेतलं होतं तेव्हा ती माझ्या खाटेपाशी आली आणि मी विचारलं नसताना बोलायला लागली. घरच्यांना जे सांगता येत नाही ते शेजारच्या पेशंटला सांगतात, माझा अनुभव आहे.

"मी त्यांच्याच वर्गात होते, काका. सर्वेक्षणाच्या कचेरीत नकाशे काढायला मुली घ्यायला लागले होते. ड्रॉइंगला दहापैकी सहा लागायचे. शेवटच्या परीक्षेत जिन्याचा नकाशा होता. सगळं बरोबर होतं. एका मापाच्या रेषेचा बाण रेघेला टेकला नव्हता. केसभर अंतर राहिलं. त्याचे त्यांनी मार्क कापले. बेरीज झाली साडेपाच."

"मग सहा झाले की."

"बेरजेत ते अर्धा मार्क ठेवत नाहीत. वाढवून तर नाहीच. मुख्याध्यापक घरी आले होते, म्हणाले मुलगी आहे हो तुमची, आयुष्याचा प्रश्न आहे. बाबा म्हणाले, मुलगी आहे म्हणूनच. साडेपाचाचे पाच." तिनं बोटं चोळली, काळं काही निघालं नाही. "आता दुसऱ्यांनी काढलेले नकाशे माझ्याकडे येतात, प्रती काढायला. बाण टेकलेत का ते मी बघते. बऱ्याच जणांचे टेकलेले नसतात."

मला मास्तरांचा असा राग आला की माझी कळ सुरू झाली. मी बेल दाबली आणि नऊ सांगितले.

मास्तरांना परत आणलं तेव्हा मुलीनं खुर्ची पुढे ओढली. "बाबा, तुम्ही चार अंदाजे दिलेत ना?"

"मी अंदाजे मार्क देत नाही."

"मग फोड सांगा. कशाला किती?"

बरोबर शिरेवर बोट ठेवलं पोरीनं. म्हातारा उशीवर सरसावला. पुढची कळ आली ती त्यांनी टॉवेल चावून भोगली आणि भोगता भोगता तपासली. मी शपथेवर सांगतो, तो माणूस डोळे मिटून स्वतःच्या मरणयातनांचा पेपर तपासत होता. ओसरल्यावर धापा टाकत म्हणाले, "तीव्रता, तीनपैकी दोन. टिकाऊपणा, तीनपैकी दीड. किती वेळा येते, दोनपैकी एक. पसारा, म्हणजे कुठून कुठपर्यंत जाते, दोनपैकी एक."

"बेरीज?"

मी खाटेवरून ओरडलो, "साडेपाच!" बेरजेत मी कच्चा नाही.

"म्हणजे सहा," मुलगी म्हणाली. "बाबा, बेल वाजवू? सहा सांगाल?"

"साडेपाचाचे पाच."

"अर्धा वाढवलात तर काय आकाश कोसळणार आहे?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुला वाढवून दिला नाही. आता स्वतःला देऊ?"

मला म्हातारा आवडत नव्हता, पण त्या वाक्याला मी मनातल्या मनात टोपी काढली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं नव्हतं. इतकी वर्षं तिच्या छातीवर जो धोंडा होता, त्याची दुसरी बाजू तिला पहिल्यांदा दिसली असावी. बाप दगड खरा, पण सगळीकडून दगड. स्वतःसाठीसुद्धा मऊ नाही. माणसाला एवढंही पुरतं. तिनं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि त्या पुसण्यात माया होती. सकाळपासून ती फक्त कर्तव्य करत होती.

जेवणाची ताटं उचलून नेली आणि मास्तरांच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली. मूत्राशय धुवायला वरून सोडलेलं पाणी पिशवीत उतरेना, आत मात्र चढत राहिलं. ती कळ मी बघितलीय, परत बघायची नाही. टॉवेल दातांतून सुटला. तोंडातून निघाला तो आवाज माणसाचा नव्हता. बेल मुलीनंच दाबली. आकडेवाली दुसऱ्या नर्सला घेऊन धावत आली, मोठ्या पिचकारीनं नळी धुतली, काळी गुठळी बाहेर आली. गुठळी निघाली तरी मूत्राशय पिळतच राहिलं.

"सर, किती? सर, आकडा सांगा!"

मास्तरांनी डोळे उघडले. मुलीकडे पाहिलं नाही. छताकडे बघत म्हणाले, "सहा."

मी टाळीच वाजवली. "शाब्बास, मास्तर!"

इंजेक्शन मिळालं. त्यांचे हात दांड्यावरून सुटले, तोंड उघडं पडलं, झोप लागली. मी आनंदानं मुलीकडे वळलो आणि माझा आनंद जागीच थिजला. ती बापाच्या झोपलेल्या तोंडाकडे बघत होती. तिला काय झालं ते मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा वाटलं, न कळतं तर बरं. अर्धा मार्क वाढवून देता येतो. आकाश कोसळत नाही. दुसऱ्याचं आयुष्य असेल तर नाही देता येत, आपली लघवीची जागा असेल तर देता येतो.

तरी मी म्हणालो, "पोरी, ते दुखणंच तसं होतं गं. अशी कळ वैऱ्यालासुद्धा येऊ नये."

"हो ना," ती म्हणाली. "मला आनंदच झालाय, काका." तिनं तसं म्हटलं खरं.

मास्तर जागे झाले तेव्हा दुपार उतरत आली होती. डोळे स्वच्छ, आवाज ताजा. मुलगी चमच्यानं पाणी पाजत होती. दोन चमचे झाले आणि ते म्हणाले, "मी वाढवून दिला नाही."

"काय?"

"सहा. वाढवून दिले नाहीत. मी पुन्हा तपासलं. पसाऱ्याचा अर्धा धरायचा राहिला होता, कळ मांडीतही जाते. माझीच बेरीज चुकली होती. मूळचेच सहा."

चमचा हवेत थांबला. मी मनात म्हटलं, मास्तर, गप्प बसा. देवानं तोंड दिलंय ते मिटण्यासाठीही दिलंय.

"माझा कागद पुन्हा तपासला होता तुम्ही?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा.

"त्याची गरज नव्हती. तो पहिल्यांदाच नीट तपासला होता."

"एकदाही नाही?"

"बाण टेकला नव्हता," मास्तर म्हणाले. "आजही टेकलेला नाही."

सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ जळला नव्हता, त्यानं फक्त आपल्यापुरता पीळ सैल करून घेतला होता, आणि वर तो पीळच होता असं सिद्धही केलं होतं. मुलीनं पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांना पाजलं. एक थेंब हनुवटीवर ओघळला तोही पुसला.

इंजेक्शनचा असर उतरला आणि कळ परत आली. या वेळी मास्तरांनी अभिमान बाजूला ठेवला, कळ येताच बेल दाबली आणि टॉवेल तोंडात कोंबला. आकडेवाली आली ती घाईत, बाहेर कुणाची तरी दुसरी बेल वाजत होती.

"सर, किती?"

बोलता येईना. दात टॉवेलात रुतले होते, तो काढला असता तर किंचाळीच निघाली असती. मास्तरांनी डावा हात वर केला, पाचही बोटं ताठ. मग उजवा. त्या हाताला सलाइनची सुई होती आणि वरून चिकटपट्ट्या. त्यातून एक बोट वर यायला लागलं. थरथरत, अर्ध्यावर येऊन अडकत, पुन्हा वर.

आकडेवाली डाव्या अंगाला उभी होती. मध्ये सलाइनचा खांब. "पाच की सहा, सर? मान हलवा." मान तर कळेनं केव्हाचीच हलत होती, इकडून तिकडे, इकडून तिकडे. तिनं पायथ्याशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. "ताई, तुमच्या बाजूनं दिसतंय का? तुमचं मत नकोय मला, फक्त बोट किती ते सांगा."

मुलीनं वाकून पाहिलं. अगदी बारकाईनं, डोकं तिरकं करून, कागदावरची रेघ तपासावी तसं. मास्तरांची नजर तिच्यावर होती. डोळे इतके मोठे झाले होते की मला खाटेवरून त्यांचा पांढरा भाग दिसत होता.

"बोट पूर्ण सरळ नाही," ती म्हणाली. "अर्धं आहे. साडेपाच."

"साडेपाच नाही हो चालत. यात पूर्णच आकडा टाकता येतो."

"मग पाच," मुलगी म्हणाली. "साडेपाचाचे पाच."

मी उठून बसलो, नळीला हिसका बसला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. "अहो सिस्टर, सहा! सहा आहेत ते! मला इथून सरळ दिसतंय बोट! मी खरं सांगतोय!"

आकडेवालीनं पाच टिपले. "काका," ती जाता जाता म्हणाली, "तुमचं सगळंच नऊ असतं. पडून राहा बघू."

आणि ती दुसऱ्या बेलकडे गेली. लांडगा आला रे आला म्हणून इतकी बोंब मारून ठेवली होती मी, की खरा लांडगा शेजारच्या खाटेवर माणूस खात होता तरी कुणी वळून बघेना. माझ्या घोट्याची डबी शांतपणे हिरवी लुकलुकत होती.

मास्तरांचं ते बोट अजून वर होतं. आता तर ते पूर्ण सरळ झालं होतं, काठीसारखं, पण बघायला कुणी नव्हतं. मुलीनं ते आपल्या हातात घेतलं, हळूच दुमडलं आणि मुठीत घालून ती मूठ चादरीखाली ठेवली. मग टॉवेलाचं दुसरं टोक ओलं करून त्यांचं कपाळ पुसलं, कानामागे पुसलं, मानेच्या शिरांवरून पुसलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, कळेचं की कशाचं, ते तपासणं माझ्या कुवतीबाहेरचं होतं.

कळ ओसरली. त्यांनी टॉवेल सोडला. मुलीनं त्यांना दोन चमचे पाणी पाजलं. मग आपली खुर्ची उचलून ती खाटेच्या उजव्या अंगाला आणली आणि जिथून त्यांचा उजवा हात नीट दिसेल अशा बेतानं ठेवून बसली.